[मराठी मंडळ, मेल-यादी] समुद्री बदकांच्या शिकारीला बोलावलंय, कुणाला अनुभव आहे का?

प्रेषक: बंड्या (वॉल्थम)

नमस्कार मंडळी,

मंडळात मी यंदाच आलोय. गणपतीत आरतीला झांजा जरा जास्तच बडवत होता तो मीच. ऑफिसातला एक सहकारी दर डिसेंबरात मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्यावरच्या बझर्ड्स बे या उपसागरात समुद्री बदकं मारायला जातो. यंदा म्हणाला, तूही चल. होडी त्याची, बंदूकही तोच देणार. मी देवगडचा, आजोबांची होडी होती, त्यामुळे पाण्याचं काही वाटत नाही. फक्त कपडे काय घालायचे आणि पहिल्याच खेपेला काही लागेल का, एवढं कुणी सांगितलं तर बरं. आणि हो, मी एच-वन-बीवर आहे. त्याने काही अडत नाही ना?

– बंड्या

*

प्रेषक: तात्या (प्लिमथच्या अलीकडे)

बंड्या,

शेवटी सहज टाकलेला प्रश्न पहिला घेतो, कारण तुझं तिथेच अडतंय. एच-वन-बी हा इमिग्रंट व्हिसा नाही, आणि तसल्या व्हिसावरच्या माणसाला इथल्या फेडरल कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगता येत नाही. मित्राची बंदूक पाच मिनिटं हातात धरली तरी ते 'बाळगणं'च. कायद्यात एक वाट ठेवली आहे: अमेरिकेतल्या राज्याने दिलेला चालू शिकार परवाना खिशात असेल तर ही बंदी लागू होत नाही. पण मॅसॅच्युसेट्सचा बंदुकीचा कायदा वेगळा आणि जास्त कडक. बंदुकीसाठी राज्याचं निराळं कार्ड लागतं, परदेशी नागरिकांसाठी निराळे नियम आहेत. हे यादीवर विचारून ठरवायचं काम नाही. ग्रीन कार्डाची फाइल चालू असलेल्या माणसाने तर आधी वकिलाला फोन करावा, मग सहकाऱ्याला.

परवान्यासाठी हंटर एज्युकेशनचा वर्ग करावा लागतो. त्यावर राज्याचा पाणपक्ष्यांचा स्टँप, फेडरल डक स्टँप (२५ डॉलर) आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीची नोंदणी. ही वही पुरी झाली की बाकीचं बोलू.

आता तुझं 'पाण्याचं काही वाटत नाही'. देवगडात होडीतून पडलास तर लोक हसतात. इथे डिसेंबर-जानेवारीत पाणी चार-पाच अंश सेल्सिअसवर असतं. पडल्या पडल्या छाती आवळते, माणूस हापापून श्वास घेतो आणि तेवढ्यात तोंड पाण्याखाली असलं की खेळ खलास. पोहता येणं इथे कामाला येत नाही. इथले लोक १-१०-१ म्हणतात: पहिलं १ मिनिट श्वास ताब्यात आणायला, पुढची १० मिनिटं हातपाय मनासारखे हलतात तोवर काय करायचं ते करून घ्यायला, आणि साधारण १ तास शुद्ध हरपेपर्यंत. जाकीट अंगात नसेल तर शेवटच्या तासापर्यंत कुणी पोचत नाही. म्हणून लाइफ जाकीट होडीत ठेवायचं नाही, धक्क्यावरच घालायचं आणि परत धक्क्यावरच काढायचं. तुझा सहकारी ते पाठीशी घेऊन बसणारा निघाला, तर सरळ घरी ये.

माझी गोष्ट सांगतो, म्हणजे नुसता उपदेश वाटणार नाही. बझर्ड्स बेचा स्वभाव असा की नैऋत्येचा वारा आणि त्याच्या तोंडावर ओहोटी आली की लाट उंच होत नाही, आखूड होते. एकीतून नाळ, म्हणजे होडीचं पुढचं टोक, वर येते न येते तोच दुसरी आदळते. अशाच एका सकाळी आम्ही दोघं डिकॉय (बदकांना भुलवायला पाण्यावर सोडलेली खोटी बदकं) गोळा करत होतो. आमच्या पद्धतीत एका जाड दोराला आखूड दोऱ्यांनी आठ-दहा डिकॉय बांधतात, दोन्ही टोकांना वजन. तो दोर ओढता ओढता वाऱ्याने होडी त्याच्यावरच गेली आणि पंख्याला चार वेढे बसले. इंजिन बंद. होडीचा मागचा भाग लाटेकडे, आणि पाणी आत यायला लागलं. मी हातमोजे काढून मागून ओणवा झालो, चाकूने दोर कापायला लागलो. दोन वेढे कापले असतील, तोवर बोटं माझी राहिली नव्हती. चाकू पकडलाय की सुटलाय तेही कळेना. सुटलाच. बुडताना दिसला.

सोबत्याने तेवढ्यात डोकं चालवलं: नाळेवरून नांगर टाकला. नांगर लागल्यावर होडी फिरून वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली, पाणी येणं थांबलं, आणि मग त्याच्या चाकूने आम्ही आळीपाळीने, एका वेळी एकाचाच हात ओला करत, दोर सोडवला. चूक माझी होती. डिकॉय नेहमी वाऱ्याच्या खालच्या अंगाने, वाऱ्याकडे तोंड करून उचलायचे, म्हणजे होडी दोरापासून लांब जाते. हे मला ठाऊक होतं, पण थंडी वाजत होती आणि फेरा मारायचा कंटाळा केला. तेव्हापासून चाकू जाकिटाला दोरीने बांधलेला असतो, आणि नांगर नाळेतच, दोर मोकळा.

– तात्या

*

प्रेषक: वहिनी (पोर्टलंड, मेन)

तात्यांनी होडीचं सांगितलं, मी खडपाचं, म्हणजे समुद्रातल्या खडकाचं, सांगते. आमच्याकडे बरेच जण होडीने एखाद्या खडपावर उतरतात आणि तिथून आयडर मारतात. आयडर ही शिनाण्यांवर जगणारी बदकं, बुडी मारून अख्खी शिंपली गिळतात, पोटातच फोडतात. म्हणून ती खडपाजवळ येतात, आणि म्हणून माणसंही.

खडपावर दोनच गोष्टी मारतात, शेवाळ आणि भरती. इथलं पाणी साधारण नऊ फूट चढतं-उतरतं, उधाणाला त्याहून जास्त. सकाळी अंगणाएवढा दिसलेला खडप दहाला पाटाएवढा उरतो. ह्यांच्या ओळखीच्या दोघांनी होडी बांधली ती ओहोटीच्या खुणेवर, आखूड दोराने. भरती आली, दोर पाण्याखाली, गाठ दिसेना. गुडघाभर पाण्यात उभे राहून व्हीएचएफवर (होडीवरच्या वायरलेसवर) चॅनल १६ ला, म्हणजे संकटाच्या चॅनलला, हाका मारल्या. वाचले, कारण हँडसेट जाकिटाच्या खिशात होता, होडीत नव्हता. मोबाइलवर विसंबू नका. ओल्या, गारठलेल्या बोटांना तो दाद देत नाही.

निघताना घरी कागदावर लिहून ठेवा: कुठल्या धक्क्यावरून, कुठे, किती वाजता परत, आणि किती वाजले की कोस्टगार्डला फोन करायचा. आमच्या फ्रीजवर असतो. गणपतीच्या लोहचुंबकाखाली.

– वहिनी

*

प्रेषक: शालूमावशी (नॅशुआ)

हे सगळं मंडळाच्या यादीवर चाललंय? संक्रांतीच्या हळदीकुंकवाची मेल या बदकांखाली गाडली गेली. शिवाय ते बिचारे जीव उत्तरेतून थंडी टाळायला येतात आणि तुम्ही त्यांना गाठता. आणि तात्या, पॉटलकला गेल्या वर्षी जे 'सुकं' आणलं होतंत ते कशाचं होतं, हे आता विचारायलाच हवं.

– मावशी

*

प्रेषक: तात्या

मावशी, ते कोंबडीचं होतं. शप्पथ. पण तुमच्या प्रश्नात एक कायद्याचा मुद्दा आहे तो सगळ्यांनीच ऐकावा: मारलेली स्थलांतरित बदकं विकता येत नाहीत. म्हणजे कुणी 'आनंदमेळ्यात बदकाच्या सुक्क्याचा स्टॉल लावू, प्लेट दहा डॉलर' म्हणालं, तर नको.

जिवाचं म्हणाल, तर तो प्रश्न रास्त आहे आणि मी त्याला मेलमधून उत्तर देणार नाही, पन्ह्याबरोबर समोरासमोर देईन. इतकंच सांगतो की समुद्री बदकं गावठी बदकांसारखी भराभर वाढत नाहीत. आयडरची मादी अंडी घालायला दोन-तीन वर्षं लावते, पुढे वीस वर्षंही जगू शकते. केप कॉडच्या वेलफ्लीटला १९९८ पासून एका विषाणूने आयडर थव्याने मेलेले सापडले. म्हणून नियम आवळत गेले आहेत. पूर्वी समुद्री बदकांचा स्वतंत्र मोसम आणि मोठी मर्यादा असायची, ती गेली. आता दिवसाच्या एकूण बदकांतच ती धरतात, आणि त्यात आयडरची मादी एकच. आकडे दर वर्षी बदलतात, चालू वर्षाचं पत्रक बघायचं. मी स्वतः मादीवर नेम धरत नाही. काळा-पांढरा नर लांबूनही ओळखू येतो, तपकिरी दिसलं की बंदूक खाली.

– तात्या

*

प्रेषक: बंड्या

मावशी, सॉरी, विषय वेगळ्या नावाने टाकायला हवा होता.

तात्या, सहकाऱ्याला व्हिसाचं सांगितलं. त्याला माहीतच नव्हतं, गप्प झाला बिचारा. वर्गाला नाव घातलंय. तोवर कुतूहल म्हणून: बारा बोअरची बंदूकच चालते ना? आणि तो म्हणतो की ती बदकं अगदी जवळून, सावकाश उडतात, मग लोक चुकतात कसे?

– बंड्या

*

प्रेषक: तात्या

बारा बोअरच. एका वेळी तीनच काडतुसं जातील असा आत अडसर घातलेला. छर्रे शिशाचे नाहीत, पोलादी. पाणपक्ष्यांसाठी शिसं १९९१ पासून देशभर बंद आहे. समुद्री बदकाला पिसांचा आणि चरबीचा जाड थर असतो, तेव्हा छर्रा मोठा हवा. मी २ नंबर वापरतो, आयडरला बीबी, म्हणजे त्याहून जाड.

'सावकाश' हाच फसवा भाग. आयडर अंगाने मोठं, म्हणून संथ वाटतं. पाण्याला चिकटून एका रांगेत येतात, आणि मागचं पुढचं काही प्रमाण नसल्यामुळे अंतर कळत नाही. नवा माणूस साठ यार्डांवर बार काढतो आणि मागच्या बदकाच्या शेपटीमागे पाणी उडवतो. आम्ही शेवटचा डिकॉय बरोबर पस्तीस यार्डांवर ठेवतो. त्याच्या पलीकडे कुणी बंदूक उचलायची नाही. स्कोटर जातीची बदकं (स्कूटर नव्हे, मीही पहिल्या वर्षी तेच म्हणत होतो) तर इतकी भोळी की जुने लोक काळे रंगवलेले ब्लीचचे डबे डिकॉय म्हणून सोडायचे, आणि ती येत.

जखमी पक्षी हा खरा कसोटीचा भाग. ही बदकं बुडी मारणारी. पडलेलं बदक मान ताठ करून पोहत असेल तर ते मेलेलं नाही. तत्क्षणी दुसरा बार, नाहीतर बुडी मारलीच समज. मात्र सपाट पाण्यावर छर्रे टप्पे खात लांब जातात, तेव्हा त्या रेषेत दुसरी होडी नाही हे आधी बघायचं. इंजिन बंद आणि होडीची गती थांबल्याशिवाय बार नाही. एका वेळी एकानेच उठायचं, दुसरा बसलेला. होडी चालू तेव्हा बंदुका रिकाम्या.

आणि एक गंमत. इथे समुद्रकिनारा ओहोटीच्या रेषेपर्यंत खासगी मालकीचा असू शकतो, पण १६४० च्या दशकातल्या वसाहतकालीन कायद्याने त्या पट्ट्यात मासेमारी, होडी चालवणं आणि पक्ष्यांची शिकार हे हक्क लोकांकडे ठेवले. म्हणजे कुणा श्रीमंताच्या वाळूत नुसता फिरायला गेलास तर तो हाकलू शकतो, बंदूक आणि परवाना घेऊन गेलास तर तसं हाकलणं सोपं नाही! तरी मी आधी दार वाजवून विचारतो.

मांस काळपट, उग्र. कातडी आणि चरबी पूर्ण काढायची, उग्रपणा तिथेच असतो. फक्त छातीचा भाग, रात्रभर मिठाच्या पाण्यात, मग मालवणी मसाला आणि कोकम. पण घरी पोचेपर्यंत एक पंख पिसांसकट ठेवायचा, वॉर्डनने (शिकार तपासणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याने) विचारलं तर जात ओळखता आली पाहिजे. माझ्या कूलरमध्ये पंख बाहेर काढलेली बदकं बघून टोल नाक्यावरची बाई दचकली होती.

– तात्या

*

प्रेषक: बंड्या

यंदा मग बंदुकीला हात न लावता नुसता बघायला येऊ का, तुमच्याबरोबर? सहकाऱ्यालाही घेऊन येतो, त्याच्याकडे पुरतं जाकीट नाही असं आता कळलं.

*

प्रेषक: तात्या

या दोघंही शनिवारी. रविवारी इथे शिकार बंद असते. पहाटे साडेचारला माझ्या घरी. वारा पंधरा नॉटच्या वर सांगितला तर चहा पिऊन परत झोपू. जाकीट माझं जुनं आहे, डाव्या खिशाची चेन अडकते, पण तरंगतं. कापसाचं काही घालू नकोस, जीन्स तर मुळीच नाही. लोकरी मोज्यांचे दोन जोड आण, एक कोरडा पिशवीत. मावशी, तुमच्यासाठी कोंबडीचंच ठेवतो.

– तात्या