मदत हवी आहे: देशी झाडांच्या बागा लोकांना दाखवायच्या कशा?

आम्ही चार शेजारी आपापल्या देशी झाडांच्या बागा एका सकाळी लोकांना दाखवायचं म्हणतोय. अडचण अशी की, बघणाऱ्याला आधी पसाराच दिसतो. माझ्या रुईच्या पानांची सुरवंटांनी पार चाळण केलीये. मला त्याचं कौतुक, पण मागे एका पाहुण्यांनी फवारणीचं औषध सुचवलं! पोकळ वाळक्या काड्याही एकट्या राहणाऱ्या मधमाश्यांसाठी मुद्दाम ठेवल्यात.

अशी फेरी कोणी काढली आहे का? वाटा अरुंद आहेत, एका वेळी किती जण आत सोडावेत? नावांच्या पाट्या लावाव्यात की सोबत फिरून सांगावं? शिवाय रुईचा चीक डोळ्यात गेला तर भारी त्रास होतो, लहान मुलं आली तर काय करता?