सोसणे म्हणजे कमी दुखणे नव्हे

ग्रामीण माणसाला वेदना मुळातच कमी जाणवते, हे मत मला पटत नाही. जळगाव जिल्ह्यातील रावेर-यावल पट्ट्यात केळीचे घड वाहणारे मजूर किंवा धुळ्याकडे कापूस वेचणाऱ्या बाया कंबरदुखी वर्षानुवर्षे अंगावर काढतात, कारण घरी बसले की त्या दिवसाची मजुरी बुडते. शिवाय सासूच्या देखत सुनेने कण्हणे आजही अनेक घरांत प्रशस्त मानले जात नाही.

वेदना व्यक्त करण्याची रीत संस्कृतीनुसार कशी बदलते, यावर मानववंशशास्त्रज्ञ मार्क झ्बोरोव्स्की यांनी न्यूयॉर्कमधील माजी सैनिकांच्या रुग्णालयातील रुग्णांचा अभ्यास १९५२ साली प्रसिद्ध केला. त्यात इटालियन आणि ज्यू वंशाचे रुग्ण सारख्याच मोकळेपणाने वेदना व्यक्त करीत. मात्र वेदनाशामक मिळताच इटालियन रुग्णांचे समाधान होई, तर ज्यू रुग्णांना या दुखण्याचा पुढे काय परिणाम होईल, ही चिंता सोडत नसे. (अख्ख्या समाजाला एकच स्वभाव चिकटवण्याच्या या पद्धतीवर पुढे टीका झाली आणि ती रास्तच आहे.)

तीन महिन्यांहून अधिक टिकणारे दुखणे वैद्यकशास्त्र दीर्घकालीन मानते; आपल्याकडे एवढ्या काळात बाम, शेक, मेडिकलवरून आणलेली गोळी आणि कधी भगताचा अंगारा, इतके सारे होऊन गेलेले असते. म्हणून ‘दहापैकी किती दुखते?’ यापेक्षा ‘दुखण्यामुळे कोणते काम सुटले?’ हा प्रश्न, शक्यतो अहिराणीत म्हणजे इथल्या खानदेशी बोलीत, विचारला तर डॉक्टरांना अधिक खरे उत्तर मिळेल, असे मला वाटते.