मदत हवी आहे : मुलगा घरची भाजी खात नाही

गच्चीवरची
नमस्कार. यंदा आम्ही गच्चीवर भाजीपाला लावला आणि तो उत्तम आला आहे. हा सगळा खटाटोप मुलाने औषध न मारलेले, घरचे अन्न खावे म्हणून केला, आणि नेमका तोच ताटातली भाजी बाजूला सारून वरणभातावर उठतो. रोज रात्री पंगतीत रडारड होते. कृपया उपाय सुचवावा. ‘हळूहळू खाईल’ असे सांगू नये. ते घरातले सगळे सांगतच आहेत.

अंगणवेल
मुलाचे वय किती? भाजी कोणती, आणि ती नको म्हणताना तो काय कारण देतो? यातले काहीच आपण लिहिलेले नाही.

रानमेवा
पेरणीपासून मुलाला सोबत घ्या. आमच्या नातीने स्वतः कुंडीत मेथी पेरली, तीन-साडेतीन आठवड्यांत ती खुडायला आली, आणि एरवी मेथी पाहून तोंड फिरवणाऱ्या मुलीने ‘माझी भाजी’ म्हणून सगळ्यांना वाढली. या उपायाला तोड नाही.

काळी_माती
वेलीवर मावा असल्यास निंबोळी अर्काची फवारणी सायंकाळी करावी. त्यात थोडे साबणाचे पाणी मिसळल्यास अर्क पानांना चिकटून राहतो.

गच्चीवरची
मावा नाही, आणि मी तो विचारलाही नव्हता. मुलगा सात वर्षांचा आहे. पेरणीपासून तो सोबतच असतो. पालक आणि मेथी निमूट खातो, चवळीच्या कोवळ्या शेंगा तर वेलीजवळ उभा राहूनच फस्त करतो. भांडण फक्त दुधीचे आहे. बाजारच्या दुधीची चणाडाळ घातलेली भाजी मागून घेतो आणि घरच्या दुधीला मात्र ‘कडू आहे’ म्हणतो. सबब आहे, दुसरे काय!

पाटावरवंटा
ताई, दुधी किसून थालीपिठात घालावा, वर लोण्याचा गोळा द्यावा. भाजीच करायची असेल तर गूळ आणि चिंचेचा कोळ थोडा सढळ हाताने घालावा. कडवटपणा कळतही नाही.

मिरजकर
पाटावरवंटा, कृपया हा सल्ला मागे घ्यावा. ताई, आधी एका प्रश्नाचे उत्तर द्या : तो दुधी तुम्हाला कडू लागतो का?

गच्चीवरची
किंचित लागतो. पण कारले खाणाऱ्या घरात त्याचे काय एवढे? परवा यांचे पोट बिघडले होते, पण ते बाहेरच्या मिसळीने.

मिरजकर
कारल्याचा कडूपणा वेगळा आणि दुधीचा वेगळा. कडू दुधीत क्युकरबिटासिन नावाची विषारी द्रव्ये असतात. ती शिजवल्याने नाहीशी होत नाहीत आणि गुळाने केवळ झाकली जातात. त्यामुळे उलट्या, जुलाब, प्रसंगी रक्ताची उलटी होऊन रक्तदाब घसरतो, आणि त्यावर नेमका उतारा नाही. कडू दुधीच्या रसाने देशात मृत्यू झाल्यावर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या तज्ज्ञांनी कडू लागणारा दुधी टाकून द्यावा, असे स्पष्ट सांगितले आहे. मुलगा सबब सांगत नाही. बी कुठले?

पाटावरवंटा
आमच्या आजीने जन्मभर दुधी शिजवला, कोणाला काही झाले नाही. उगाच घाबरवू नये.

अंगणवेल
आजींचा दुधी गोड असणार. ‘कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले, तरी कडू ते कडूच’ हे आजींनीच आपल्याला शिकवले ना?

गच्चीवरची
बी सासूबाईंनी गावाहून आणलेले आहे, पंढरपूरच्या बाजूने. तिथल्या वेलीचा दुधी साखरेसारखा होता, मी स्वतः खाल्ला आहे.

मिरजकर
मग कारण तिथेच असू शकेल. आमच्या मिरजेच्या तंबोऱ्यांना आणि सतारींना लागणारे भोपळे पंढरपूर परिसरातच पिकतात. ते कडू असतात आणि दुधीच्याच जातीचे असतात, त्यामुळे एकाचा पराग दुसऱ्यावर सहज जातो. अशा संकराचे आईकडचे फळ गोडच राहते. कडूपणा पुढच्या वर्षी, त्याच्या बियांपासून आलेल्या वेलीवर दिसतो. कडक ऊन आणि पाण्याची ओढ यांनीही तो वाढतो. पुढे कोणताही दुधी चिरल्यावर कच्चा तुकडा मोठ्या माणसाने जिभेला लावून थुंकावा; चव पाहायचे काम मुलाकडे देऊ नये. तुमच्या यजमानांचे पोट पुन्हा बिघडल्यास डॉक्टरांना दुधीचे नाव आवर्जून सांगावे.

रानमेवा
वेल उपटण्याआधी एक फळ जून होऊ द्यावे. वाळल्यावर त्याचा छान तुंबा होतो, मुले त्यावर तार लावून खेळतात.

मिरजकर
जरूर करावे, मात्र त्याचे बी ठेवू नये आणि कोणाला देऊ नये.

गच्चीवरची
आज भाजी टाकून दिली. सासूबाईंना काय सांगायचे ते मी पाहीन. मांडव रिकामा होईल, तर मुलगा खाईल असा दुसरा वेल लवकर सुचवा.

अंगणवेल
आपण कोणत्या शहरात राहता आणि गच्चीवर ऊन किती तास असते, ते आधी लिहावे.