जपानी मात्सुरी (उत्सव) गाठायचे तर: तारखा, गाड्या, पोटोबा

इंद्रायणी
विसर्जनाचे ढोल ऐकून नेबुताचे, म्हणजे आओमोरीतल्या कंदिली रथांच्या मिरवणुकीचे ढोल आठवले, म्हणून धागा. जाऊन आलेल्यांनी नेमकं लिहा. "जपान किती स्वच्छ" नको. सुरुवात माझी: ऑगस्टचा पहिला आठवडा तोहोकूचा, म्हणजे ईशान्य जपानचा. अकिताचा कान्तो (कंदिलांनी लगडलेले बांबू तोलतात तो) ३ ते ६, आओमोरीचा नेबुता २ ते ७, सेन्दाईचा तानाबाता ६ ते ८. वार कुठलाही येवो, तारखा ह्याच. क्रमही हाच ठेवा. पहिले दोन रात्रीचे, मुक्काम लागतोच. सेन्दाईच्या कागदी झिरमिळ्या दिवसभर टांगलेल्या असतात. दुपारी बघून दीड तासात टोकियो.

खटपट्या
हायाबुसा, कोमाची ह्या बुलेट ट्रेन, दोन्हींत सगळ्या जागा आरक्षणाच्याच. आरक्षण महिनाभर आधी जपानच्या सकाळी १० ला उघडतं, म्हणजे आपले साडेसहा. गजर लावा. अकिता-आओमोरी थेट गाडी आहे, पण अतिवृष्टीत तो मार्ग बंद पडतो; मग मोरिओकाला बदलून जा. आणि शिन-आओमोरीला उतरलात म्हणजे गावात पोचलात असं नाही, पुढे लोकलने एक स्टेशन. रत्नागिरी स्टेशन आणि रत्नागिरी गाव, तसंच.

ओवी
आओमोरीत हॉटेलच दिसत नाहीये 😭

खटपट्या
हिरोसाकी नाहीतर हाचिनोहे बघ. मिरवणूक साधारण सात ते नऊ. परतीची शेवटची गाडी आधीच लिहून ठेव. ७ तारीख धरू नकोस, त्या दिवशी मिरवणूक दुपारी आणि रात्री आतषबाजी.

ताकभात
बघत काय बसता, नाचा की! हानेतोचा (नेबुताच्या रथाबरोबर नाचणाऱ्यांचा) पूर्ण पोशाख असेल तर कुणीही शिरू शकतो. भाड्याने मिळतो, नेसवूनही देतात. अर्धा पोशाख चालत नाही. मिरवणूक निघायच्या आधीच रथामागे उभे राहा. घुंगरं गळून पडतात, ती उचलणं शुभ मानतात.

ओवी
नाचतानाच्या "रास्सेरा" आरोळीच्या जागी "मोरया" निघालं तर? 😄

शेवगा
शाकाहारींचं काय?

ताकभात
अवघड. दाशीत (सगळ्यात घालतात त्या पातळ अर्कात) मासा, म्हणजे नूडल्सच्या रश्शात आणि ओकोनोमियाकी ह्या कोबीच्या धिरड्याच्या पिठातही. जत्रेतल्या टपऱ्यांवर बटाटा-लोणी, भाजलेलं कणीस, बर्फाचा गोळा. बाकी थेपले.

बोरकूट
शिरा ढवळता ढवळता लिहितेय. व्हिसा फार आधी काढू नका, एका प्रवेशाचा असेल तर मिळाल्यापासून ३ महिन्यांत जपानात पाऊल टाकावं लागतं. १३ ते १६ ऑगस्ट ओबोन (त्यांचा पितरांचा सण), सगळा देश गावी निघतो, गाड्या भरलेल्या. क्योतोत असाल तर १६ ला रात्री ८ वाजता डोंगरावरचे अग्नी मात्र चुकवू नका. मोठी बॅग कुरिअरने पुढच्या हॉटेलवर पाठवा, स्टेशनवरचे लॉकर दुपारपर्यंत संपतात.

टिवल्याबावल्या
क्योतोच्या गिओन उत्सवाबद्दल कुणीच बोलत नाही? १७ जुलैला २३ रथ, २४ ला ११. रथ ओढणं कुठूनही दिसतं, बघायचं ते वळण! चाकं वळतच नाहीत. चाकांखाली बांबूच्या ओल्या कांबी अंथरायच्या, पाणी ओतायचं आणि दोर आडवा ओढून बारा टनांपर्यंतचं धूड थोडं थोडं घसरवायचं. १७ ला पहिलं वळण शिजो-कावारामाची चौकात, तिथे चेंगराचेंगरी. पुढचं ओइकेच्या कोपऱ्यावर, जरा बरं. गर्दी नको असेल तर २४ च घ्या. फक्त त्याच्या आदल्या रात्री खाण्याच्या टपऱ्या नसतात. त्या १५-१६ ला.

बोरकूट
ताकायामा गावचा रथोत्सव राहिला. १४-१५ एप्रिल, ९-१० ऑक्टोबर. पावसात रथ बाहेरच काढत नाहीत. दोन्ही दिवस हातात ठेवा.

टिवल्याबावल्या
आणि हो, गिओनच्या रथांवर आपल्या दख्खनमध्ये विणलेले १७-१८व्या शतकातले गालिचे आहेत.

शेवगा
काय सांगता! मिरवणुकीत ओळखू येतात?

टिवल्याबावल्या
छे. आदल्या संध्याकाळी मंडळांच्या घरांत अशा ठेवणीतल्या वस्तू मांडतात, त्या तिथेच निवांत बघा. मिरवणुकीत मान दुखते, आणि पाऊस असला तर वरून प्लास्टिक.