स्टेज सोडून युनिव्हर्सिटीत पूर्णवेळ शिकवायला जावं का? आणि पुढे विभागप्रमुख?

तिहाई

नमस्कार मंडळी, मी बरीच वर्षं एका कंटेम्पररी कंपनीत नाचतेय, रिहर्सल टूर शो परत रिहर्सल असं सगळं. आता पस्तिशी ओलांडलीय आणि गुडघा कुरकुरायला लागलाय. मधे एका युनिव्हर्सिटीत गेस्ट म्हणून टेक्निकचा क्लास घ्यायला लागले आणि तो मला मनापासून आवडायला लागलाय. तिथले लोक म्हणतायत पूर्णवेळ या, पुढेमागे विभागप्रमुखाची जागा रिकामी होईल तेव्हा तुमचंही नाव असेल. अडचण अशी की शाळा संपल्यावर मी थेट कंपनीत गेले, पदवीच नाही. आणि कंपनीतले म्हणतात शिकवायला गेली म्हणजे संपली. या वाटेनं गेलेलं कोणी आहे का इथे? पदवीशिवाय कितपत निभतं, प्रमुख झाल्यावर नाच उरतो का, जे माहितीय ते सांगा प्लीज.

नेपथ्य

संपली म्हणणाऱ्यांना डान्सचा इतिहास वाचायला द्या. मार्था हिल आधी मॉडर्न डान्सच्या नावाजलेल्या मार्था ग्रॅहमच्या ग्रुपमध्ये नाचायच्या, मग १९३४ मध्ये बेनिंग्टन कॉलेजात उन्हाळी डान्स स्कूल उभं केलं आणि १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या ज्युलिअर्ड या संगीत-कला शिकवणाऱ्या संस्थेचा डान्स विभाग सुरू केला, तो १९८५ पर्यंत चालवला. अमेरिकेत मॉडर्न डान्स टिकला त्यात कंपन्यांइतकाच या कॉलेजांचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे, कारण कंपन्यांकडे तेव्हा ना पैसा ना जागा, आणि कॉलेजांकडे दोन्ही थोडं थोडं होतं. व्हायोलेट व्हर्डी घ्या, न्यूयॉर्क सिटी बॅलेच्या स्टार, १९७७ मध्ये पॅरिस ऑपेरा बॅलेच्या प्रमुखपदी आलेल्या पहिल्या बाई, आणि एवढं सगळं झाल्यावर १९९६ पासून इंडियाना युनिव्हर्सिटीत शिकवत राहिल्या. यात संपलं काय?

आणि उलटी वाटही असते बरं का. अ‍ॅलिशिया ग्राफ मॅक दुखापतीमुळे डान्स थिएटर ऑफ हार्लेम या बॅले कंपनीतून बाहेर पडल्या, कोलंबिया युनिव्हर्सिटीत इतिहासाची पदवी घेतली, परत स्टेजवर आल्या, एली या न्यूयॉर्कच्या डान्स कंपनीत नाचल्या, मग मॅनेजमेंटची मास्टर्स, युनिव्हर्सिटीत शिकवणं, २०१८ पासून ज्युलिअर्डच्या डान्स विभागाच्या प्रमुख आणि २०२५ मध्ये थेट एली कंपनीच्या आर्टिस्टिक डायरेक्टर. म्हणजे युनिव्हर्सिटीत गेलं की कंपनीचं दार बंद असं काही नाही.

समेवर

मी या वाटेनं गेलोय, आता बरीच वर्षं पूर्णवेळ शिकवतोय. पदवीचं कोणीतरी सांगेलच, मी क्लासबद्दल बोलतो कारण त्याचा विचार कोणी आधी करत नाही.

कंपनीतला क्लास आणि युनिव्हर्सिटीतला क्लास दिसायला सारखेच, बार (दांड्याला धरून करायचे व्यायाम) किंवा फ्लोअर वर्क, सेंटर, मग ट्रॅव्हलिंग. पण कंपनीत समोरचे सगळे तयार असतात, तुम्ही करून दाखवलं की ते उचलतात, बोलायची गरजच पडत नाही. युनिव्हर्सिटीत एकाच क्लासमध्ये लहानपणापासून ट्रेनिंग झालेली मुलगी आणि दोन वर्षांपूर्वी नाचायला लागलेला मुलगा शेजारी शेजारी उभे असतात, आणि दोघांना त्याच सेमिस्टरमध्ये कुठेतरी पोचवायचं असतं. तिथे करून दाखवणं पुरत नाही. तुमच्या शरीराला जे आपोआप कळतं ते शब्दांत मांडावं लागतं, वजन कुठून निघतं, फिरताना कुठे बघायचं, खांदा का वर जातो, आणि एका वाक्यानं एकाला कळलं नाही तर दुसरं वाक्य, नाही तर तिसरं. मला वाटतं नाचणाऱ्याचं खरं दुसरं शिक्षण इथे होतं. मार्गारेट हडोब्लर यांनी १९२६ मध्ये अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन युनिव्हर्सिटीत डान्सचा पहिला पदवी अभ्यासक्रम सुरू केला, त्या स्वतः स्टेजवरच्या डान्सर नव्हत्याच, फिजिकल एज्युकेशनवाल्या. क्लासमध्ये हाडांचा सांगाडा ठेवायच्या, मुलींना आधी जमिनीवर झोपवून सांधे कसे हलतात ते शोधायला लावायच्या. माझी नक्कल करा असं त्यांना म्हणताच येत नव्हतं, म्हणून त्यांनी शिकवायची पद्धत शोधली. आपल्याला नक्कल करा म्हणता येतं, हाच आपला धोका आहे.

शिवाय ग्रेड द्यावे लागतात. लेखी. का दिले तेही लेखी. सुरुवातीला हे जड जातं पण त्यामुळे आपण नेमकं काय बघतो हे आपल्यालाच स्पष्ट होतं.

कागदपत्र

पदवीबद्दल. अमेरिकेत डान्स शिकवायला एमएफए (मास्टर ऑफ फाइन आर्ट्स) ही सर्वोच्च पदवी धरतात, पीएचडी असलीच पाहिजे असं नाही. मोठा प्रोफेशनल अनुभव असेल तर काही युनिव्हर्सिट्या पदवीच्या जागी तो धरतात, पण असं तोंडी कोणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका, नेमणुकीच्या पत्रात लिहून घ्या आणि प्रमोशनच्या वेळीही तेच धरणार का हे विचारा. घेताना चालवून घेतात आणि प्रमोशनला अडकतं, हे मी जवळून पाहिलंय. जमेल तर नाचत असतानाच पदवी सुरू करा. कॅलिफोर्नियातल्या सेंट मेरीज कॉलेजनं १९९९ मध्ये लीप नावाचा कोर्स खास प्रोफेशनल डान्सर्सना बीए करता यावं म्हणून काढला, आणि काही एमएफए कोर्स असे असतात की वर्षभर तिथे जाऊन राहावं लागत नाही.

दुसरं, आजच कामाची नोंद ठेवायला घ्या. युनिव्हर्सिटीत पेपर लिहिणाऱ्यांचे पेपर मोजतात तसं आपलं स्टेजवरचं काम रिसर्च म्हणून मोजलं जाऊ शकतं, ब्रिटनमध्ये तर देशभरातल्या रिसर्चच्या मूल्यमापनात परफॉर्मन्सही सादर करता येतो. पण प्रमोशनच्या कमिटीतला केमिस्ट्रीचा माणूस तुमचा शो बघायला आलेला नसतो. त्याला व्हिडिओ, प्रोग्रॅम, कोणी बोलावलं त्याचं पत्र, रिव्ह्यू आणि या कामात नवीन काय होतं हे तुमच्या शब्दांत दोन पानं, एवढं लागतं. कंपनीकडून व्हिडिओची परवानगी आत्ताच घ्या, बाहेर पडल्यावर फार कठीण जातं.

तिहाई

किती छान सांगितलंत सगळ्यांनी, व्हिडिओचं तर उद्याच विचारते. समेवर, तुम्ही प्रमुखही होतात का? तो भाग कसा असतो?

समेवर

हो, एक टर्म केली. तो तिसराच व्यवसाय आहे, शिकवण्याचा पुढचा टप्पा समजून घेऊ नका.

सगळ्यात जास्त वेळ कशात गेला तर डान्स माहीत नसलेल्या लोकांना डान्सच्या गरजा समजावण्यात. स्टुडिओत वीसच मुलं का, लेक्चर हॉलमध्ये शंभर बसतात की. खाली उसळ देणारी लाकडी जमीनच का हवी, काँक्रीटवर मॅट टाकली तर काय बिघडतं (नडग्या आणि गुडघे बिघडतात, मुलं चार वर्षं रोज उड्या मारतात त्यावर). क्लासला वाजवणाऱ्याचे पैसे कशाला, स्पीकर आहे ना. आणि सगळ्यात चिवट भांडण कामाच्या तासांचं, कारण बऱ्याच ठिकाणी स्टुडिओतला तास लेक्चरच्या तासापेक्षा कमी मोजतात, म्हणजे डान्सचा शिक्षक दुप्पट वेळ उभा राहून कागदावर तेवढंच काम करतो. ही भांडणं तुम्ही जिंकलात तर तुमच्यानंतर येणारी कितीतरी मुलं न मोडता नाचतील, म्हणून मला ती टर्म वाया गेली असं कधीच वाटलं नाही.

कंपनीतून आलेल्यांकडे याची तयारी असते, त्यांना वाटत नसलं तरी. डेडलाइन पाळणं, चार माणसांचा रुसवाफुगवा असताना संध्याकाळी पडदा उघडणं, आजारी माणसाच्या जागी ऐनवेळी दुसरा उभा करणं हे सगळं उपयोगी पडतं. बजेट मात्र मुद्दाम शिकावं लागतं.

नाच उरतो का, तर ठरवलं तर उरतो, आपोआप उरत नाही. मी प्रमुखपद घेतानाच सकाळचा एक टेक्निक क्लास माझ्याकडे राहील असं लेखी मागितलं होतं आणि त्या वेळेत मीटिंग घेऊ दिली नाही. तुम्ही लगेच प्रमुख होऊ नका, आधी निदान एक बॅच पहिल्या वर्षापासून शेवटच्या वर्षापर्यंत स्वतः शिकवून बघा. आणि पूर्णवेळची ऑफर येईल तेव्हा तीन गोष्टी विचारा, स्टुडिओचे तास कसे मोजतात, बाहेर शो करायला रजा मिळते का, आणि दुखापत झाली तर क्लास कोण घेतं.

नेपथ्य

आणि मुलाखतीला जाल तेव्हा स्टुडिओच्या जमिनीवर स्वतः उड्या मारून या.