चिलीच्या आधी राणीगंज
चिलीच्या ३३ खाणकामगारांना २०१० साली ६९ दिवसांनी कॅप्सूलमधून वर काढलं, त्याबद्दल बरंच लिहिलं गेलंय. पण त्याच्या २१ वर्षं आधी आपल्याकडे, पश्चिम बंगालमधल्या राणीगंजच्या महावीर कोळसाखाणीत हेच झालं होतं. नोव्हेंबर १९८९, खाणीत पाणी घुसलेलं. वरून बोअर मारला, त्यातून पोलादी कॅप्सूल सोडली. आणि अभियंता जसवंतसिंग गिल स्वतः त्यात बसून खाली उतरले! ६५ जणांना एकेक करून वर पाठवलं. सहा जण मात्र गेलेच.

मी सोलापूरकडचा, मोहोळचा. वडील विहिरी खोदायचे, यारीच्या पाटीत उभं राहून साठ फूट खाली. काठावर भाकरीचं फडकं मांडीवर धरून आई नुसती त्या तारेच्या दोराकडे बघत बसायची. गिल सगळ्यांच्या शेवटी वर आले, हे वाचलं की म्हणूनच गळा दाटून येतो.