मदत हवी आहे: बीएस्सी नर्सिंग झालेल्या भाचीला सुरुवातीला किती पगार मागावा? (सांगली-मिरज)

नमस्कार मंडळी,

माझी भाची यंदा बीएस्सी नर्सिंग पास झाली. गाव कवठेमहांकाळ तालुक्यात. घरची थोडी द्राक्षबाग आहे, पण शिक्षणासाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते आता सुरू होतील. त्यामुळे सगळ्यांचं लक्ष तिच्या पहिल्या पगाराकडे लागलंय.

तीन ठिकाणी बोलणं झालंय. मिरजेतलं तीसेक खाटांचं हॉस्पिटल 14,000 देतंय, राहायला खोली फुकट, पण मूळ प्रमाणपत्रं वर्षभर त्यांच्याकडे जमा करायची. सांगलीतल्या मोठ्या हॉस्पिटलात 18,000, त्यातून पीएफ-ईएसआय कापणार आणि सुरुवातीला जनरल वॉर्ड. पुण्यात 24,000 आणि थेट आयसीयू, मात्र राहण्या-जेवण्याचं आपलं आपण बघायचं.

डिग्री एकच, मग एवढा फरक का? पोरीला आयसीयूच हवंय. ताई म्हणते, पहिलं वर्ष तरी जवळ राहू दे. आणखी एक, नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन अजून हातात आलेलं नाही. त्यावरून पगार कमी धरतात का? या क्षेत्रातल्या कुणी नीट सांगितलं तर फार मदत होईल.

प्रतिसाद: इन्चार्ज सिस्टर, मिरज

दादा, आधी रजिस्ट्रेशनचं बघा. महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचा नंबर नसेल तर हॉस्पिटल तिला 'ट्रेनी' म्हणून घेतं आणि पगारही तसाच लावतं. नंबर आला की पगार किती होणार आणि कोणत्या महिन्यापासून, हे नेमणूक पत्रात लिहून घ्या. तोंडी कबूल केलेलं पुढे कुणाला आठवत नाही.

मूळ प्रमाणपत्रं देऊ नका. दाखवा, झेरॉक्स द्या आणि परत घ्या. माझ्या वॉर्डातल्या एका मुलीची सरकारी भरतीची संधी यापायी गेली. कागदपत्रं तपासणीचा दिवस उजाडला आणि तिचे कागद आधीच्या हॉस्पिटलच्या कपाटात! तिथल्या मेट्रनकडे (नर्सच्या प्रमुखाकडे) ती रडून आली, तरी मिळाले नाहीत.

फरकाचं म्हणाल तर खाटा, विभाग आणि गाव या तिन्हींवर पगार ठरतो. आयसीयू, डायलिसिस, ओटी (ऑपरेशन थिएटर) यांना वॉर्डापेक्षा जास्त देतात, कारण तिथे व्हेंटिलेटर, मॉनिटर सांभाळणारा हात लागतो. आपल्या मिरजेत दवाखाने खूप, पण नर्सिंग झालेल्या मुलीही तितक्याच. 1894 साली डॉ. वॉनलेस यांनी इथे मिशन हॉस्पिटल सुरू केलं, तेव्हापासून हे गाव नर्स घडवत आलंय. एकीने नाही म्हटलं की दुसरी तयार असते, म्हणून इथे सुरुवातीचा आकडा वर सरकत नाही. याचं मला मनापासून वाईट वाटतं. रात्रभर पेशंटच्या उशाशी उभी राहणारी पोर 14,000 वर राबते.

सुप्रीम कोर्टाच्या 2016 च्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली होती. 50 पेक्षा कमी खाटा असल्या तरी नर्सला किमान 20,000 द्यावेत आणि 200 च्या वर खाटा असतील तर सरकारी नर्सइतका पगार द्यावा, अशी तिची शिफारस आहे. अंमलबजावणी राज्यांवर सोडलेली, त्यामुळे हॉस्पिटलवाले मनावर घेत नाहीत. तरी बोलताना हा आकडा जरूर काढा.

प्रतिसाद: हॉस्पिटलात पगारपत्रकं बघणारा, सांगली

सांगलीचा आकडा हातात किती येतो ते काढून बघा. 18,000 मध्ये बेसिक (मूळ पगार) 12,000 धरलं तर पीएफ 1,440 आणि ईएसआय 135 कापून 16,425 उरतात. महिलांना 25,000 पर्यंत व्यवसाय कर नाही, तो कापत असतील तर विचारा. पीएफमध्ये हॉस्पिटलही तेवढीच भर घालतं, आणि ईएसआयमुळे आजारपणात उपचार मिळतात. मिरजेच्या 14,000 मध्ये यातलं काही आहे का, ते आधी विचारा. नाईटचा भत्ता, आठवड्याचा ऑफ आणि डबल ड्युटीचे पैसे वेगळे मिळतात का, हेही.

धागाकर्ता

मनापासून आभार. मिरजेला फोन केला, पीएफ नाही म्हणाले आणि कागद ठेवल्याशिवाय घेणार नाहीत. तो विषय संपला. सांगलीवाले रजिस्ट्रेशन आल्यावर आयसीयूत घेऊ म्हणतात, ते लिहून मागतोय. सिस्टर, सरकारीसाठी कधीपासून तयारी करावी?

प्रतिसाद: इन्चार्ज सिस्टर, मिरज

आजपासूनच. राज्याच्या सेवेत अधिपरिचारिकेचं (स्टाफ नर्सचं) मूळ वेतन 35,400 पासून सुरू होतं, त्यावर महागाई भत्ता वेगळा. एम्सची नॉरसेट, म्हणजे नर्स भरतीची परीक्षा पास झाली तर 44,900 पासून. सांगलीत राहिली तर ड्युटी करून घरी अभ्यास होईल, पुण्यात रोजचा प्रवासच दमवतो. जुन्या प्रश्नपत्रिका माझ्याकडे आहेत. व्यनि (खासगी निरोप) करा, पाठवते.